गाळा भाड्याचा की दुकान स्वतःचे? ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मच्या निवडीचा इतिहास

१/ ऑनलाइन दुकान उभारण्याचे काम हाती घेणाऱ्या वेब डेव्हलपरसमोर तीन वाटा असतात: सॉफ्टवेअर स्वतः लिहिणे, खुला सोर्स कोड घेऊन आपल्या सर्व्हरवर बसवणे किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवरचा तयार गाळा भाड्याने घेणे. या वाटा कशा पडल्या आणि त्यांची किंमत कोणी मोजली, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ भाड्याची वाट फार लवकर पडली. १९९५ मध्ये अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी व्हायावेब सुरू केली. दुकानदार ब्राउझरमधून आपली पाने रचत असे. लिस्प भाषेतले सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या सर्व्हरवरच चाले. १९९८ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि तिचे ‘याहू स्टोअर’ झाले.

३/ खुली वाट २००० मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या ओएसकॉमर्सने रुंद केली. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर आधारलेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य होते आणि हवे तसे बदलता येत असे. पण नवी सोय जोडायची तर बहुधा मूळ फाइलींतच हात घालावा लागे. परिणामी प्रत्येक दुकानाची प्रत वेगळी होई आणि नवी आवृत्ती आली की सारे बदल पुन्हा करावे लागत.

४/ २००४ मध्ये कॅनडातील ओटावा येथे टोबियास ल्युटके यांना स्नोबोर्ड विकायचे होते. उपलब्ध प्लॅटफॉर्म पसंत न पडल्याने त्यांनी नव्यानेच आलेल्या रुबी ऑन रेल्सवर स्वतःचे दुकान लिहिले. पुढे त्या दुकानापेक्षा त्यामागचे सॉफ्टवेअरच मोलाचे ठरले. २००६ मध्ये ते ‘शॉपिफाय’ म्हणून इतरांसाठी खुले झाले.

५/ भाडेकरूला मर्यादा आल्याच. एकाच व्यवस्थेवर असंख्य दुकाने चालत असताना कोणालाही हवा तो कोड तेथे चालवू देणे धोक्याचे. म्हणून शॉपिफायने ‘लिक्विड’ ही टेम्प्लेट भाषा घडवली. डेव्हलपर दुकानाचे रूप पालटू शकतो. पाया हलवू शकत नाही.

६/ ओएसकॉमर्सवर दुकाने बांधणाऱ्या लॉस एंजेलिसच्या व्हेरियन कंपनीने उलट मार्ग धरला. तिने नव्याने लिहिलेले मॅजेंटो २००८ मध्ये आले. साडीला लांबी आणि पोत, पुस्तकाला लेखक आणि पृष्ठसंख्या. असे वेगवेगळे गुणधर्म मूळ तक्ता न बदलता जोडता यावेत, म्हणून ते स्वतंत्र तक्त्यांत विभागले गेले. लवचिकता लाभली, पण एका उत्पादनाची माहिती जुळवायला अनेक तक्ते धुंडाळावे लागत आणि सर्व्हरवर भार पडे.

७/ २०११ मध्ये जिगोशॉपच्या खुल्या कोडची शाखा काढून वूथीम्सने वूकॉमर्स आणले. वर्डप्रेस जाणणाऱ्यांना ही वाट सोपी वाटली. त्याच वर्षी ईबेने मॅजेंटो कंपनी विकत घेतली.

८/ मॅजेंटोची भाड्याने मिळणारी आवृत्तीही होती: मॅजेंटो गो. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ती बंद झाली. आधी सूचना मिळाली होती. तरी दुकानदारांना बिऱ्हाड हलवावेच लागले. मालकाने गाळाच बंद केला, तर भाडेकरूचे काही चालत नाही.

९/ मग स्वतःच्या सर्व्हरवर असणारे सुरक्षित राहिले का? २०१५ च्या अखेरीस मॅजेंटो २ आले. जुन्या थीम आणि एक्स्टेन्शन त्यावर चालत नव्हती. दुकान जवळजवळ नव्याने बांधावे लागे. ३० जून २०२० रोजी मॅजेंटो १ चा अधिकृत आधार संपला. त्याच सप्टेंबरात अवघ्या काही दिवसांत सुमारे २,००० दुकानांत कार्डांची माहिती चोरणारा कोड घुसवला गेला. त्यांतली बहुतेक मॅजेंटो १ वर होती.

१०/ तरीही एक फरक उरला. कोड खुला असल्याने ‘ओपनमेज’ या समुदायाने मॅजेंटो १ ची देखभाल पुढे चालू ठेवली. मॅजेंटो गोच्या भाडेकरूंना अशी संधीच नव्हती.

११/ म्हणून सोयींच्या याद्या पडताळण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. सुरक्षेची डागडुजी कोण करणार? माल, ग्राहक आणि ऑर्डरींची नोंद उद्या बाहेर नेता येईल का? आणि दुकान बांधणारा डेव्हलपर निघून गेल्यावर ते कोण सांभाळणार? प्लॅटफॉर्म निवडताना दुकान उघडण्याचा दिवस डोळ्यांसमोर असतो. खरी किंमत मात्र ते हलवण्याच्या दिवशी कळते.