‘हार्डवायर्ड’ म्हणजे काय?

एखाद्या यंत्राचे काम त्याच्या सर्किटमध्येच कायमचे पक्के केलेले असेल, तर संगणकाच्या परिभाषेत त्यास ‘हार्डवायर्ड’ म्हणतात. चिपवर एकदाच लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावलीसाठीही हा शब्द, काहीसा सैलपणे, वापरला जातो.

शहापूर आणि मुरबाडच्या मतदारांनी वापरलेले इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र हे त्याचे परिचित उदाहरण. त्यातील आज्ञावली निर्मितीच्या वेळीच लिहिली जाते व नंतर बदलता येत नाही, असे निवडणूक आयोग सांगतो. हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतात. विधानसभेला मात्र शहापुरात पहिल्या बटणासमोर एक उमेदवार असतो, मुरबाडमध्ये दुसराच. यंत्राला त्याचा पत्ता नसतो. ते केवळ बटणाचा क्रमांक नोंदविते. नाव आणि चिन्ह असते ते वर लावलेल्या कागदी मतपत्रिकेवर.

व्हीव्हीपॅटची गोष्ट निराळी आहे. चिठ्ठीवर चिन्ह छापायचे, तर ते प्रत्येक निवडणुकीपूर्वी बाहेरून भरावेच लागते. वादाची खरी जागा हीच. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर किमान ४५ दिवस सीलबंद ठेवण्याचा आदेश दिला. दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची ‘बर्न्ट मेमरी’, म्हणजे चिपवर कोरलेली स्मृती, तपासण्याची तरतूदही त्यात होती. ही तपासणी सोपविली गेली ती यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांच्याच अभियंत्यांकडे.