गुरूने उघडलेले दार

नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्तानिस्लावस्की आणि मेयरहोल्ड ही दोन नावे बहुधा एकमेकांच्या विरोधात उभी केली जातात. एक अंतर्मनाचा उपासक, दुसरा देहाचा. एकाची रंगभूमी वास्तवाचा भास निर्माण करणारी, दुसऱ्याची आपण नाटक आहोत हे उघड सांगणारी. परीक्षेच्या उत्तराला एवढा भेद पुरतो. इतिहासाला मात्र पुरत नाही.

कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांनी नेमिरोविच-दांचेंको यांच्यासह १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरची स्थापना केली. त्याच वर्षी तेथे रंगलेल्या चेखॉव्हच्या ‘सीगल’ नाटकात, नव्या नाट्यरूपांचा ध्यास घेतलेल्या तरुण लेखकाची भूमिका व्सेवोलोद मेयरहोल्ड यांनी केली. पात्राच्या परिस्थितीत मी असतो तर काय केले असते, हा प्रश्न नटाने स्वतःला विचारावा, ही स्तानिस्लावस्कींची शिकवण पुढे जगभर पोहोचली. शिष्याला मात्र वास्तवाची ही चौकट अपुरी वाटू लागली. १९०२ मध्ये मेयरहोल्ड यांनी संस्था सोडली. तरीही १९०५ मध्ये नव्या प्रयोगांसाठी स्टुडिओ काढताना गुरूने त्यांनाच बोलावले. त्या स्टुडिओतील काम प्रेक्षकांसमोर आलेच नाही आणि दोघांच्या वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या.

क्रांतीनंतर मेयरहोल्ड यांनी ‘बायोमेकॅनिक्स’ ही नटाच्या शरीराची शिस्त घडवली. बाण सोडणे, दगड फेकणे, थप्पड मारणे अशा साध्या क्रियांतून तोल, लय आणि नेमकेपणा यांचा सराव होई. १९२२ मधील त्यांच्या एका गाजलेल्या प्रयोगात ल्युबोव्ह पोपोवा यांच्या नेपथ्यात घराच्या भिंती नव्हत्या. होते ते जिने, उतार आणि फिरणारी चाके. नटांचे पोशाख कामगारांसारखे होते.

पुढे स्टालिनच्या राजवटीत कलेला एकच मान्य साचा उरला. मेयरहोल्ड यांच्यावर ‘रूपवादा’चा ठपका आला आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यांचे नाट्यगृह बंद करण्यात आले. अशा माणसाला जवळ करणे धोक्याचे होते. त्या वेळी पंचाहत्तर वर्षांच्या, प्रकृतीने खचलेल्या स्तानिस्लावस्कींनी त्यांना आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये काम दिले. विशेष म्हणजे उतारवयात स्वतः स्तानिस्लावस्कीही भावनेऐवजी शारीरिक क्रियेपासून भूमिकेकडे जाण्याची वाट शोधत होते. ज्या वाटेने शिष्य दूर गेला होता, तिच्याच जवळ गुरू येऊन पोहोचला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्तानिस्लावस्की निवर्तले. जून १९३९ मध्ये मेयरहोल्ड यांना अटक झाली. २ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यावरील कलंक अधिकृतपणे पुसला गेला तो १९५५ मध्ये. मधल्या काळात त्यांची कागदपत्रे जपून ठेवली ती त्यांचे शिष्य, चित्रपट-दिग्दर्शक सेर्गेई आयझेनस्टाइन यांनी. ते कागद सापडणे त्यांच्याही जिवावर बेतले असते.

शैलींचा इतिहास आपण वादांच्या आधारे लिहितो. पण त्या शैली आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या अशा माणसांमुळे. शाळेच्या हीरक महोत्सवात हा प्रसंग आठवावा तो याचसाठी: शिष्याने आपले मत स्वीकारले नाही, तरी तो आपलाच राहतो, हे मॉस्कोतील त्या वृद्ध शिक्षकाने बोलून नव्हे, करून दाखवले.