झाशी परिसरात फोर व्हील ड्राइव्ह वाहन निवडताना

श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिलचर हे दोन राष्ट्रीय महामार्ग झाशीतून जातात. या रस्त्यांवर कोणतेही वाहन चालू शकते. महामार्ग सोडून शेताकडे वळल्यावर मात्र परिस्थिती बदलते. त्यामुळे ग्रामीण भागात राहणाऱ्यांनी वाहन निवडताना प्रथम जमिनीचा विचार करणे आवश्यक ठरते.

जमीन आणि पाणी

बुंदेलखंडात 'मार' आणि 'काबर' या काळ्या, तर 'पडुवा' आणि 'राकड' या तांबूस जमिनी आढळतात. राकड जमीन खडकाळ असल्याने तेथे वाहनाचा तळ जमिनीपासून पुरेसा उंच असणे महत्त्वाचे असते. मार जमीन पावसाळ्यात टायरच्या खाचांत चिकटून बसते आणि चाके जागीच फिरू लागतात. अशा वेळी चारही चाकांना मिळणारी शक्ती उपयोगी पडते, मात्र टायर गुळगुळीत झालेले असल्यास तिचाही लाभ होत नाही.

बेतवा आणि पहूज नद्यांच्या खोऱ्यातील अनेक ओढ्यांवर कमी उंचीचे फरशी पूल आहेत. स्थानिक लोक त्यांना 'रपटा' म्हणतात. उत्पादकांनी दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा संथ पाण्यासाठी असते. वाहत्या पाण्यात त्याहून कमी खोलीतही वाहन वाहून जाण्याचा धोका असतो.

यंत्रणा कोणती?

शेतीच्या कामासाठी 'लो रेंज' गिअर असलेली यंत्रणा अधिक उपयुक्त मानली जाते. या गिअरमध्ये वेग कमी होतो, परंतु चाकांना मिळणारा जोर वाढतो. गरजेनुसार जोडावयाची फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरू नये. वळणावर पुढील व मागील चाकांचा वेग भिन्न असल्याने यंत्रणेवर ताण येतो.

उपलब्ध वाहने

महिंद्रा थारची सध्याची पिढी २०२० मध्ये बाजारात आली. २०२३ पासून ती केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. त्यामुळे खरेदीपूर्वी प्रकाराची खात्री करून घ्यावी. २०२३ मध्ये आलेली मारुती जिम्नी पेट्रोलवर चालते आणि तिच्या सर्व प्रकारांत लो रेंज आहे. फोर्स गुरखा डिझेलवर चालते. तिचे पुढील आणि मागील असे दोन्ही डिफरेन्शियल लॉक करता येतात. एक चाक अधांतरी राहिल्यास या सोयीचा उपयोग होतो.

२००० मध्ये आलेली बोलेरो खेड्यापाड्यांत लोकप्रिय असली, तरी तिचे सर्वसामान्य प्रकार मागील चाकांवर चालतात. वर्षातील बहुतांश काळ कच्चा पण कोरडा रस्ता असेल, तर तेवढे वाहन पुरेसे ठरते.

मारुती जिप्सीची सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१९ मध्ये थांबली. जुनी जिप्सी घेताना लो रेंज प्रत्यक्ष जोडून पाहावी, चासीला गंज आहे का हे तपासावे आणि नोंदणीची मुदत पाहावी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते.

शिकारीसाठी वाहन?

महायुद्धानंतर सैन्याच्या जीपगाड्या शिकारीसाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये संमत झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन केली जाणारी शिकारही बंद झाली. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे.

नीलगाय आणि रानडुकरे उभ्या पिकांचे नुकसान करतात, म्हणून अनेक शेतकरी रात्री शेतावर राखण करतात. येथे सावधगिरी आवश्यक आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार प्राण्यास मारणेच नव्हे, तर त्या हेतूने त्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे किंवा त्याला आमिष दाखवणे, तसेच असा प्रयत्न करणे ही देखील शिकारच आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याविषयी कलम ११ अन्वये अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले वाहन कलम ३९ नुसार सरकारची मालमत्ता ठरू शकते. केवळ जप्तीने मालकी जात नाही, त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. तरीही खटला संपेपर्यंत मालकाला वाहनासाठी न्यायालयात दाद मागावी लागते. आपले वाहन रात्री इतरांना वापरण्यास देणाऱ्यांनीही ही बाब लक्षात ठेवणे हिताचे आहे.