कार्बन नॅनोधातुसंमिश्रे

ॲल्युमिनियम, तांबे, मॅग्नेशियम अशा धातूंत कार्बन नॅनोट्यूब किंवा ग्राफिन अल्प प्रमाणात मिसळून केलेले पदार्थ. नॅनोट्यूबकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते सुमिओ इजिमा यांच्या 1991 मधील निरीक्षणांमुळे. तिचा यंग गुणांक सुमारे 1,000 गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा 70. या तफावतीने अपेक्षा भलत्याच वाढवल्या. हिशेब करून पाहावा. घनफळाने 1 टक्का नॅनोट्यूब, सगळ्या एकाच दिशेच्या आणि धातूला पक्क्या चिकटलेल्या मानल्या, तरी गुणांक जेमतेम 79 भरतो. प्रत्यक्षात त्यांचे गुंते होतात, म्हणजे तेवढाही हाती लागत नाही. याहून मोठा दावा दिसला, की आधी चाचणीच तपासावी.

अमरावती, बडनेरा, अकोला येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांना झेपणारी पद्धत म्हणजे स्टर कास्टिंग: 660 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या ॲल्युमिनियमचा रस पात्यांनी ढवळत त्यात पूड सोडायची. सिलिकॉन कार्बाइडला किंवा फ्लाय ॲशला ती मानवते (पारसच्या औष्णिक केंद्रामुळे अकोला जिल्ह्यात राखेला तोटा नाही). नॅनोट्यूबचे तसे नाही. या रसाचा पृष्ठताण इतका जास्त, की तो कार्बनला भिजवत नाही आणि पूड मळीसारखी वर येते. तापमान वाढवून भिजवू गेले तर ॲल्युमिनियम कार्बाइड बनते. ते ठिसूळ असते, शिवाय ओलाव्यात मिथेन सोडत झिजते. म्हणून बॉल मिलमध्ये धातूची पूड नॅनोट्यूबसह दळून, दाबून, धातू न वितळवता तापवून सांधणे, म्हणजे सिंटर करणे, बरे.

मात्र नुसत्या दळण्यानेही धातूचे स्फटिककण बारीक होतात आणि कडकपणा वाढतो. तेव्हा तितकाच वेळ दळलेला, तसाच सिंटर केलेला, पण नॅनोट्यूब नसलेला नमुना शेजारी हवाच. कडकपणाचा विकर्स आकडा वाढला ना, मग कारणाची उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. पण महाग नॅनोट्यूबविना तोच आकडा मिळत असेल, तर खर्च पाण्यात गेला. शिवाय जास्त दळल्याने नळ्या तुटतात. ते रामन वर्णपटात 1,350 प्रति सेंटिमीटरजवळची पट्टी 1,580 जवळच्या पट्टीच्या तुलनेत वाढलेली दिसली की कळते. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता मोजली, तर राहिलेली छिद्रेही लपत नाहीत.

वऱ्हाडात वखराच्या पाशीसाठी हे उपयोगी पडेल, ही आशा फोल आहे: पास लोखंडी, आणि तप्त लोखंडात कार्बन विरघळतो, नळी उरत नाही. तांब्यात तो जवळपास विरघळत नाही, कार्बाइडही होत नाही. विजेच्या सरकत्या संपर्कांत तांबे-ग्राफाइट आधीच रुळलेले आहे. पिन-ऑन-डिस्क यंत्रावर नव्या संमिश्राची झीज त्याच्याशीच ताडून पाहावी.