फलक, पताका आणि छायाचित्र : वसई-विरार परिसराच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

वसईच्या इतिहासाचा विषय निघाला की १७३९ मधील चिमाजी अप्पांचा विजय, पोर्तुगीजकालीन किल्ल्याचे अवशेष आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणलेला सोपाऱ्याचा स्तूप यांचे स्मरण प्रथम होते. दगड, ताम्रपट व दप्तरे यांवर उभ्या असलेल्या या इतिहासात विसाव्या शतकातील रस्त्यावरचा सामान्य माणूस क्वचितच दिसतो. संप, मोर्चा, सण अथवा दुकानाचे उद्घाटन अशा प्रसंगी त्याने हाती धरलेला कापडी फलक प्रसंग सरताच विरून गेला. उरले ते त्याचे छायाचित्र. अशा छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग कसा करावा व त्यात कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुंबईचा दाखला : व्यापार आणि बहिष्कार

या संदर्भात मुंबईतील सविनय कायदेभंगाच्या छायाचित्रांचा के. एल. नर्सी यांच्या नावाचा संग्रह महत्त्वाचा आहे. अल्काझी संग्रहात जतन झालेल्या या संग्रहात १९३०-३१ मधील दोनशेंहून अधिक छायाचित्रे असून त्यांत मिरवणुका, निदर्शने आणि स्त्रियांचा मोठा सहभाग दिसतो. ही बहिष्काराची चळवळ जितकी राजकीय तितकीच बाजारपेठेचीही होती. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी परिसरात विदेशी कापडाची मोटार अडविताना बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण गमावले. ज्या आंदोलनात कापड हाच वादाचा विषय होता, तेथे फलक कोणत्या कापडाचा हा प्रश्नही गौण राहत नाही. खादीवरील घोषणा शब्दांनी जे सांगते, तेच आपल्या पोतानेही सांगते.

रंगांचा भ्रम

कृष्णधवल छायाचित्र वाचताना सर्वांत मोठी चूक रंगांबाबत होऊ शकते. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्या व फिल्म तांबड्या प्रकाशास जवळजवळ संवेदनशील नसत. त्यामुळे तांबडा रंग छायाचित्रात काळा उमटे. १९२८ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. ३ फेब्रुवारीस सायमन कमिशन मुंबईत उतरले तेव्हा काळी निशाणे दाखविण्यात आली, तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या गिरणी संपात लाल बावटा फडकला. अशा फिल्मवरील छायाचित्रात ही दोन्ही निशाणे सारखीच काळी दिसतील. छायाचित्राची तारीख वा स्थळ ठाऊक नसेल, तर कामगारांचा मोर्चा निषेधाचा मोर्चा म्हणून नोंदला जाण्याचा धोका स्पष्ट आहे. १९४५ ते १९४७ या काळात तलासरी-डहाणू भागातील वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उभारलेल्या लढ्यातही लाल बावट्याला मध्यवर्ती स्थान होते. त्या लढ्याच्या छायाचित्रांनाही हीच दक्षता लागू पडते.

मात्र छटांचा क्रम काही वेळा कालनिर्णयास साहाय्यभूतही ठरतो. १९२१ पासून प्रचारात आलेल्या चरखांकित ध्वजात पांढरा पट्टा वर, हिरवा मध्ये व तांबडा खाली असे. ऑगस्ट १९३१ मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या ध्वजात केशरी वर, पांढरा मध्ये व हिरवा खाली आला. म्हणजे सर्वांत उजळ पट्टा वर असल्यास ध्वज जुन्या पद्धतीचा, मध्ये असल्यास नव्या पद्धतीचा. २२ जुलै १९४७ रोजी चरख्याच्या जागी अशोकचक्र आले.

अक्षरांची साक्ष

वसई-विरार परिसरातील फलकांवरील अक्षरेही कालखंडाचा निर्देश करतात. ‘जिल्हा ठाणे’ असा उल्लेख असलेला फलक सामान्यतः १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ‘वसई-विरार शहर महानगरपालिका’ हे नाव ३ जुलै २००९ पूर्वी असूच शकत नाही. शब्दाच्या अंती अनुच्चारित अनुस्वार दिसल्यास १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा काळ संभवतो, तथापि रंगाऱ्याचा हात जुन्या वळणावर पुढेही चालत राहिला असेल. ‘बेसिन’ हे नाव तर अधिकच फसवे आहे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बेसिन कॅथॉलिक सहकारी बँकेने ते आपल्या नावात आजही जपले आहे. तेव्हा एकाच खुणेवरून निर्णय न देता दोन-तीन स्वतंत्र खुणा जुळविणे इष्ट. अक्षरे उलटी दिसल्यास छायाचित्र उलट्या बाजूने छापले गेले, हेही फलकावरूनच उमगते.

पुराव्याच्या मर्यादा

फलक म्हणजे लोकमत, असे समीकरण मांडता येत नाही. १९३१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरता १० टक्क्यांहूनही कमी होती. अशा समाजात फलकावरील मजकूर मिरवणूक पाहणाऱ्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हता. त्यांच्यासाठी रंग, आकार व वाद्ये पुरेशी होती. मजकुराचा रोख बव्हंशी सरकार, वृत्तपत्रे आणि शिक्षित वर्ग यांच्याकडे असला पाहिजे. फलक धरणारी व्यक्ती, तो लिहिणारा रंगारी आणि घोषणा ठरविणारा नेता हे तिघे बहुधा भिन्न असत. छायाचित्रात यांपैकी एकच दिसतो, आणि बहुधा त्याचेच नाव नोंदलेले नसते.

समारोप

१९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाल्यानंतर हरित वसईच्या रक्षणासाठी येथे मोठे जनआंदोलन उभे राहिले. त्या पिढीतील अनेकजण आज वृद्ध आहेत. चर्चच्या सणांच्या मिरवणुका, पतसंस्थांचे वर्धापनदिन, कोळीवाड्यांतील उत्सव आणि पाण्यासाठीचे मोर्चे यांची छायाचित्रे शोधण्याची प्रथम जागा म्हणजे घरोघरचे अल्बम. छायाचित्र टिकले तरी त्यातील माणसे ओळखणारे डोळे टिकत नाहीत, आणि नाव न लिहिलेले छायाचित्र एका पिढीनंतर निव्वळ गर्दीचे चित्र होऊन राहते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा छायाचित्रांच्या प्रती घेऊन स्थळ, काळ, व्यक्ती आणि फलकावरील मजकूर यथामूल नोंदवून ठेवल्यास स्थानिक इतिहासाचे एक भक्कम साधन सिद्ध होईल. हे कार्य ज्येष्ठांच्या हयातीतच होणे अगत्याचे आहे.