पाण्यापासून ओनामा: मुलांना शब्द शिकवण्याची आपली जुनी रीत



१ जूनला मासेमारी बंद झाली की आमचं हर्णे गाव एकदम गप्प होतं. एरवी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव असतो, होड्यांतला माल आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात, हाकाहाकी चालू असते. यजमानांच्या बदलीमुळे सांगलीकडच्या शेतकरी जैन घरातून मी इथे आले, तेव्हा पहिलं वर्ष त्या वासानंच जड गेलं. आता सवय झाली, शेजारणीही चांगल्या मिळाल्या. तरी खरं सांगते, ३१ जुलैपर्यंतचे ते दोन महिने मला माझ्या हक्काचे वाटतात. चातुर्मासासाठी सासूबाईही तेव्हा आमच्याकडे येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक सहा वर्षांची, इंग्रजी माध्यमात जाणारी. आजीच्या मांडीवर बसून भक्तामराचे श्लोक पोपटासारखे म्हणायची, पण अर्थ एकाही शब्दाचा माहीत नाही. मला ते खुपत होतं. म्हणून एका सकाळी मी उंबऱ्याबाहेर रांगोळीनं मोठ्या अक्षरांत ‘जल’ असं लिहिलं, खाली लाटा काढल्या आणि तिला रंग भरायला बसवलं. सासूबाई दर्शन करून उठल्या, बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

“अगं, अक्षरं पायाखाली घालतेस? हा ज्ञानाचा अविनय नाही का?”

मी म्हटलं, “आई, मुलीला शब्द कळावेत म्हणून करतेय.”

“कळण्याच्या आधी उच्चार शुद्ध हवा. रंगवारंगवी करून संस्कृत येत नाही. आमच्या वेळी असले खेळ नव्हते.”

अविनयाचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी ते निमूट पुसून टाकलं. पण ‘आमच्या वेळी असले खेळ नव्हते’ हे मनात राहिलं. पूर्वी लहान मुलांना शब्द नक्की कसे शिकवत? नुसतं घोकूनच का? पावसात बाहेर जाता येत नव्हतंच, मी पुस्तकं काढून बसले. जे सापडलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात आपल्या आदिनाथांपासूनच करावी लागते. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण रचलं, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात. त्यात ऋषभदेव आपल्या दोन मुलींना, ब्राह्मी आणि सुंदरीला, विद्या देतात. आपण ही कथा लहानपणापासून ऐकतो, पण तिच्यातले बारकावे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. भगवान रुंद सोन्याचा पट्ट घेतात, श्रुतदेवतेची स्थापना करतात, सिद्धांना नमन करतात आणि मग दोन्ही हातांनी लिहून दाखवतात. एका हातानं ब्राह्मीसाठी अक्षरं, दुसऱ्या हातानं सुंदरीसाठी अंक. भरत वगैरे मुलांचं शिक्षण त्यानंतर येतं. म्हणजे आपल्या परंपरेतल्या पहिल्या विद्यार्थिनी मुली, आणि पहिला धडा डोळ्यांनी बघायचा, हातानं काढायचा. ब्राह्मी लिपीचं नाव त्या लेकीवरून पडलं असं आपण मानतो.

त्या सिद्धनमनाची खूण आपल्या रोजच्या मराठीत अजून आहे. एखाद्या कामाचा ‘ओनामा’ केला असं आपण म्हणतो. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ यातून आला. जुन्या शाळांत पंतोजी पहिल्या दिवशी हेच गिरवायला लावत. मुलांच्या तोंडी त्याचं ‘ओनामासीधं’ झालं आणि पुढे नुसतं ‘ओनामा’ उरलं. ही केवळ जैनांची रीत होती असं मात्र मी म्हणणार नाही. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी बौद्ध भिक्षू इत्सिंग लिहितो की इथली मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्ध’ नावाच्या अक्षरपाठापासून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांत तो पुरा करतात. घरोघरी धर्म वेगळे होते, पण पहिलं पान बरंचसं सारखं होतं.

आणि हे गिरवणं कशावर? धूळपाटीवर. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवायचा. ‘धुळाक्षरं’ हा शब्द त्यातूनच आला. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथाश्रमातल्या मुलांना शिकवणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं लिहिताना पाहिली. त्यानं ती रीत आपल्या शाळेत आणली आणि मायदेशी परतल्यावर तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिकडे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपल्याकडे मात्र दगडी पाटी आली, वही आली आणि धूळपाटी गेली.

हे वाचल्यावर सासूबाईंच्या आक्षेपाला उत्तर सापडलं. धूळपाटी जमिनीवर नसते, मांडीवर असते. अक्षर पायाखाली जात नाही, हातानं पुसलं जातं. मी जुन्या परातीत कोरडी रांगोळी पसरली. आधी तांदूळ घेणार होते, पण सासूबाई म्हणाल्या, “पावसाळ्यात धान्य उघडं ठेवू नकोस, जीव होतात. पिठाला मुंग्या येतील, मग झाडताना काय करशील?” तेही बरोबर. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, तिला काही होत नाही. परातीला त्यांनी हरकत घेतली नाही. मान्यताही दिली नाही, नुसत्या बघत राहिल्या.

आता परातीत काढायचं काय? इथे मला आपला एक गृहस्थ कवी भेटला, धनंजय. ज्यांचं विषापहार स्तोत्र आपण म्हणतो, तेच हे. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी त्यांनी ‘नाममाला’ नावाचा छोटासा संस्कृत कोश रचला, सुमारे २०० श्लोकांचा. त्या काळी पाठशाळेतली मुलं अमरकोश पाठ करत, तशीच आपल्याकडची नाममाला पाठ करत. पण धनंजयांनी एक युक्ती केली आहे. ते पाण्याची नावं सांगतात आणि मग म्हणतात, यातल्या कुठल्याही नावापुढे ‘चर’ लावा, मासा होईल. ‘द’ म्हणजे देणारा, तो लावला की ढग. ‘ज’ म्हणजे जन्मलेलं, ते लावलं की कमळ. ‘धि’ लावला की पाणी साठवणारा, म्हणजे समुद्र.

जल घ्या. जलचर, जलद, जलज, जलधि. नीर घ्या, नीरद, नीरज, नीरधि. अंबु, वारि, तोय, सगळ्यांना हेच. पाण्याची पाच नावं आणि चार शेपट्या एवढंच लक्षात ठेवलं की वीस शब्द हातात. पृथ्वीचंही तसंच. मही म्हणजे पृथ्वी, म्हणून महीधर डोंगर, महीपती राजा आणि महीरुह झाड.

मैत्रिणींनो, मला तर वाचता वाचता चित्रच दिसायला लागलं. परातीत मधोमध लाटांची एक रेघ काढायची, ते पाणी. रेघेखाली मासा काढला की म्हणायचं ‘चर’. वर ढग काढून दोन थेंब पाडले की ‘द’. रेघेवर कमळ उमललं की ‘ज’. सगळी परात लाटांनी भरली की ‘धि’. चित्र आधी, शब्द तोंडानं, अक्षर सगळ्यांत शेवटी. लेकीनं दोन दिवसांत चारही जमवले. तिसऱ्या दिवशी विचारते, “पण जलद म्हणजे लवकर ना? जलद गाडी?” तेव्हा सांगावं लागलं की तो जलद फारसीकडून आला, हा संस्कृतातला. दिसायला जुळे, पण घरं वेगळी. शेजारच्या कोळ्यांची मुलगीही येऊन बसायची. जलचर म्हटल्यावर तिनं एका दमात पंधरा माशांची नावं सांगितली. आमच्या बाईसाहेब बघतच राहिल्या.

मग त्यांना वेडच लागलं. वर्गातला नीरज म्हणजे कमळ, पंकज म्हणजे चिखलातलं कमळ. खिडकीतून दिसणारा सुवर्णदुर्ग, त्याच्यासमोर किनाऱ्यावरचा कनकदुर्ग. सुवर्ण आणि कनक, दोन्हींचा अर्थ सोनं. दुर्ग म्हणजे जिथे जाणं कठीण ते. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचा हा किल्ला. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सनं तो घेतला आणि २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. पण लेकीला त्याच्या दारातलं कोरीव कासव जास्त आवडतं. कासव म्हणजे कूर्म, मुनिसुव्रतनाथांचं लांछन. शेजारच्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तर खरी कासवं अंडी घालायला येतात. शंख नेमिनाथांचा, मकर पुष्पदंतांचा. चोवीस भगवंतांची चोवीस लांछनं म्हणजे चोवीस चित्रं आणि चोवीस संस्कृत शब्द. आपल्या देवळांत मूर्तीच्या बैठकीवर ती शतकानुशतकं कोरलेली आहेत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या आपल्या आज्या-पणज्यांनी याच चित्रांवरून भगवंत ओळखले.

शब्द तोडता न आल्यानं काय होतं, याची एक गंमत आपल्या पैठणचीच आहे. ती कथासरित्सागरात येते. सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी म्हणाली, “मोदकैः” म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजानं मोदकांचं ताट मागवलं! राणी हसली आणि राजा लाजेनं आजारी पडायची वेळ आली. एक पंडित म्हणाला सहा वर्षांत व्याकरण शिकवतो, शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत. त्या शर्ववर्म्याचं सोपं व्याकरण म्हणजे कातंत्र. आपल्या आचार्यांनी ते उचललं, भावसेनांनी त्यावर कातंत्ररूपमाला लिहिली आणि आपले साधू-साध्वी आजही त्यावरून संस्कृत शिकतात. सोपं करून शिकवण्यात आपल्या लोकांना कधी कमीपणा वाटला नाही.

अलीकडच्या काळात हेच काम ताराबाई मोडकांनी केलं. १९४५ मध्ये याच कोकणपट्टीवर, पण वर उत्तरेला बोर्डीत, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरीची महाग साधनं गावात कुठून आणायची? त्यांनी बिया, पानं, शिंपले, माती घेतली आणि त्यांतून अंगणवाडी उभी केली. मीही तेच केलं. रंगासाठी हळद, कुंकू आणि कोळशाची पूड घेतली. शिंपले गोळा करताना आत जीव नाही ना, ते बघूनच उचलायचे, हा नियम.

आता मूळ गोष्टीकडे येते. जुलैतली एक सकाळ, समुद्राला उधाण, खिडक्या थडथडत होत्या. सासूबाई नेहमीप्रमाणे भक्तामर म्हणत होत्या. चौथ्या श्लोकात ‘अंबुनिधि’ शब्द येतो. लेक परातीवरून मान वर न करता म्हणाली, “आजी, अंबु म्हणजे पाणी. अंबुनिधि म्हणजे समुद्र.”

सासूबाई थांबल्या. पाठ मध्येच थांबवलेला मी त्यांना कधी पाहिला नव्हता. मला हाक मारली, “हे खरं का गं?” मी अर्थ सांगितला: प्रलयाच्या वाऱ्यानं खवळलेला, मगरींनी भरलेला समुद्र नुसत्या दोन हातांनी पोहून कोण जाईल? तसंच भगवंतांच्या गुणांचं वर्णन करणं अवघड आहे, असं मानतुंगाचार्य म्हणतात.

बराच वेळ त्या खिडकीतून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पन्नास वर्षं म्हणतेय. मला वाटायचं, अंबामातेचं काहीतरी असेल. नेमिनाथांची यक्षी आहे ना, अंबिका.” आणि थोड्या वेळानं, “कुणी सांगितलंच नाही. विचारायचं असतं हेही माहीत नव्हतं.”

दुसरीनंतर त्यांची शाळा सुटली होती. घरात शास्त्र वाचायचे ते पुरुष, बायकांनी हात जोडून ऐकायचं. ब्राह्मीची कथा सांगणाऱ्या समाजातली ही बाई! मुंबईत मगनबाईंनी श्राविकाश्रम काढून, सोलापुरात सुमतीबाई शहांनी शिकवून कितीतरी बायकांना शास्त्रापर्यंत नेलं. इथून जवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी तर १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ काढलं. पण आमच्या सासूबाईंच्या वाड्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. त्यांचं पाठांतर वाया गेलं असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी जपलं म्हणूनच लेकीच्या कानावर पडलं. त्यांचा उच्चार इतका स्वच्छ आहे की माझाही तसा नाही, आणि लेकीचे ‘ष’ आणि ‘श’ अजून त्याच सुधारतात. पण उच्चाराबरोबर अर्थही त्यांच्या हक्काचा होता आणि तो त्यांना दिला गेला नाही.

तेव्हा तुमच्या घरी लहान मूल असेल तर या दशलक्षण पर्वात एवढं करून बघा. परात, रांगोळी, पाण्याची एक रेघ, दिवसाला एकच शब्द. शब्द शक्यतो मुलाच्या तोंडी असलेल्या स्तोत्रातला किंवा पूजेतला घ्या. जल, गंध, अक्षत, पुष्प अशी अष्टद्रव्यं तर समोर ताटातच असतात. संध्याकाळी परात झाकून वर ठेवा, पायात येऊ देऊ नका. आणि आजीला शेजारी बसवा.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. पुढे चातुर्मास संपल्यावर सासूबाईही गावी परतल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी होते, पावसाची होते आणि मग म्हणतात, “जरा पोरीला फोन दे. एक शब्द विचारायचाय.”