ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरचा लॉज दोनदा का उभा राहिला आणि दोनदा कसा जळाला?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जुलै २०२५मध्ये मोठा वणवा पेटला. १२ जुलैच्या रात्री तो ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर कड्यावर पोहोचला आणि तिथला ऐतिहासिक ‘ग्रँड कॅन्यन लॉज’ जळून गेला. उत्तर कडा आधीच रिकामा करण्यात आला होता, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. पण या लॉजला आग लागण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९३२मध्येही तो असाच जळाला होता. हा लॉज इतका खास का होता, हे समजून घेण्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

जंगलात लॉज बांधायला रेल्वे कंपनी कशी आली?

ग्रँड कॅन्यनला १९१९मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. त्याआधीच दक्षिण कड्यावर सांता फे रेल्वेने जम बसवला होता. १९०५मध्ये तिथे ‘एल टोव्हार’ हे आलिशान हॉटेल सुरू झालं होतं. उत्तर कडा मात्र दुर्गम होता. दरी ओलांडून सरळ रेषेत मोजलं तर दोन कड्यांमधलं अंतर साधारण १६ किलोमीटर आहे. पण रस्त्याने वळसा घालून जायचं तर ३०० किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो.

ही संधी युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने हेरली. झायन, ब्राइस कॅन्यन आणि ग्रँड कॅन्यनचा उत्तर कडा अशी एकत्र सहल तिने आखली. प्रवाशांनी रेल्वेने युटा राज्यातल्या सीडर सिटीला यायचं आणि तिथून बसने फिरायचं. मुक्कामासाठी तिन्ही ठिकाणी लॉज हवेत, म्हणून ‘युटा पार्क्स कंपनी’ ही उपकंपनी कामाला लागली. सरकारकडे हॉटेलं बांधण्याइतका पैसा नव्हता आणि रेल्वेला प्रवासी हवे होते, त्यामुळे हे गणित दोघांनाही सोयीचं होतं.

आर्किटेक्ट कोण होते?

तिन्ही लॉजचं काम गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड यांच्याकडे होतं. योसेमिटी उद्यानातलं प्रसिद्ध ‘अहवानी’ हॉटेलही त्यांचंच. ग्रँड कॅन्यन लॉज १९२८मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला.

त्यांची शैली ‘रस्टिक’ म्हणून ओळखली जाते. आजूबाजूला जे मिळतं त्यातूनच बांधायचं आणि इमारत निसर्गावर कुरघोडी करणार नाही असं बघायचं, हे तिचं सूत्र. लॉजसाठी कायबाब चुनखडकाचे दगड आणि पाइनचे ओंडके वापरले गेले. हा चुनखडक म्हणजे दरीच्या अगदी वरचा थर. त्यामुळे दुरून पाहिलं तर भिंत कुठे संपते आणि कडा कुठे सुरू होतो, हे पटकन कळत नसे. मुख्य इमारतीभोवती झाडीत शंभरहून अधिक छोट्या केबिन विखुरलेल्या होत्या.

खरी गंमत आतल्या रचनेत होती. बाहेरून येणाऱ्याला दरी दिसतच नसे. दारातून लॉबीत शिरायचं, काही पायऱ्या उतरून ‘सन रूम’मध्ये जायचं आणि तिथल्या भल्यामोठ्या खिडक्यांतून अचानक अख्खी दरी समोर यायची. पहिल्यांदा आलेला माणूस तिथेच थबकायचा.

पहिल्या आगीनंतर काय बदललं?

१ सप्टेंबर १९३२ रोजी मुख्य इमारत जळाली. बहुतेक केबिन मात्र वाचल्या. १९३६मध्ये पुनर्बांधणी सुरू झाली आणि १९३७मध्ये लॉज पुन्हा खुला झाला. जुना पाया आणि शिल्लक दगडी बांधकाम वापरलं गेलं, पण नक्कल केली नाही. पहिल्या इमारतीवर दरी न्याहाळण्यासाठी मनोरा होता, तो आणि वरचा मजला वगळला. छपरं जास्त उतरती केली.

यामागे कारण होतं. उत्तर कडा सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात इथे इतका बर्फ पडतो की रस्ता आणि लॉज दोन्ही बंद ठेवावे लागतात. उतरत्या छपरावरून बर्फ घसरून जातो, त्याचा भार साचत नाही. नवी इमारत पहिल्यापेक्षा साधी होती, पण हवामानाला अधिक साजेशी होती. १९८७मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

२०२५मध्ये काय घडलं?

४ जुलैला वीज पडून ‘ड्रॅगन ब्राव्हो’ हा वणवा पेटला. सुरुवातीला तो पूर्ण न विझवता ठरावीक हद्दीत रोखून धरण्याचं धोरण होतं. असे नियंत्रित वणवे जंगलातला वाळका पाचोळा कमी करतात. पण काही दिवसांत जोरदार वारे सुटले आणि आग हद्दीबाहेर गेली. लॉजसह शंभरहून अधिक बांधकामं नष्ट झाली. एकूण सुमारे १ लाख ४५ हजार एकर क्षेत्र जळालं. आग आधीच का विझवली नाही, याची स्वतंत्र चौकशी व्हावी, अशी मागणी ॲरिझोनाच्या गव्हर्नर केटी हॉब्स यांनी केली.

आता पुढे काय?

प्रश्न फक्त जुनी इमारत जशीच्या तशी उभारण्याचा नाही. या शैलीचं सौंदर्य ज्या लाकडात आहे, तेच लाकूड वणव्यात सर्वांत आधी पेट घेतं. १९३७ची इमारत बर्फाचा विचार करून बदलली गेली. आता तसाच विचार आगीचा करावा लागेल. छप्पर कशाचं असावं, झाडं भिंतींपासून किती दूर असावीत, हे ठरवताना इमारतीचं रूपही थोडं बदलणारच. दगड तोच राहील, दरीही तीच राहील. पायऱ्या उतरल्यावर समोर येणारा तो क्षण नव्या आराखड्यात टिकतो का, हे मात्र पाहावं लागेल.